पाच खुंट्यांवर, सहावे कानांवर

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात एका जाड दोराचं टोक आहे. दुसरं टोक बोटीच्या नाकाशी बांधलेलं आहे. पाठीवर सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, कमरेला शिशाची वजनं. तुम्ही बोटीच्या काठावर पाठ करून बसता आणि स्वतःला मागच्या मागे पाण्यात सोडून देता. मग खाली. दर दोन मीटरांनी नाक दाबून कान मोकळे करायचे आणि आणखी खाली. दहा मीटरांवर लाल रंग निघून गेलेला असतो. बोट खरचटलं असेल तर रक्त हिरवट दिसतं. वीस मीटरांवर पाण्याच्या दाबाने अंगावरचा सूट पातळ होतो आणि थंडी आत येते. सव्वीस मीटरांवर अंधुक निळ्यातून एक भिंत पुढे येते. ते जहाज आहे, डाव्या कुशीवर झोपलेलं.

त्याच्या विंचला, म्हणजे डेकवरच्या दोर ओढायच्या यंत्राला, तुम्हाला हा दोर बांधायचा आहे. दोन वेढे, वर दोन अढ्या, टोक पुन्हा दोरालाच घट्ट. मग कमरेची रिकामी प्लास्टिकची बाटली सोडून द्यायची. ती वर जाऊन पाण्यावर उसळी मारते आणि बोटीवरच्यांना कळतं, बांधलं. आता पाहुण्यांनी दोर धरून खाली यावं.

ते येईपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात. तेवढा वेळ दोरावर हात ठेवून पाहा. लाटेने बोट उचलली की दोर सावकाश ताणतो आणि सावकाश सैल होतो. प्रवाहाची थरथर बारीक असते, सतत चाललेली. आणि माणूस दोर धरून उतरायला लागला की तिसरंच काहीतरी सुरू होतं, हिसक्या-हिसक्याने. हे काम तुम्ही सात वर्षं, आठवड्यातून चार दिवस केलं असतं, तर घाबरलेला माणूस कोणता आणि निर्धास्त कोणता, हेही तुम्हाला नुसत्या तळहाताने कळलं असतं.

गाठमास्तरला कळतं.

गाठमास्तर हे काही त्याचं नाव नव्हे, पण बोटीवर त्याला दुसरं नाव नाही. वय एक्कावन्न. उंची बेताची, पोट थोडं सुटलेलं. डाइव्हिंग शिकला तेव्हा चव्वेचाळीसचा होता. त्याच्या तुकडीतली बाकीची सगळी विशीतली. शिकवणारा पहिल्या दिवशी म्हणाला होता, "काका, मुलाला सोडायला आलात का?" गाठमास्तर म्हणाला, "नाही, मलाच सोडायला आलोय," आणि पाण्यात उतरला.

बोटीची मालकीण स्वतःच बोट चालवते. साठीची, उन्हाने रापलेली, तोंडाने फटकळ. तिला सगळे बाई म्हणतात. त्या दिवशी सकाळी सात वाजता धक्क्यावर पाहुणे चढत होते तेव्हा ती आलेल्या प्रत्येकाला लिंबाची फोड देत होती.

"चघळा. उलटी आली तर वाऱ्याच्या दिशेला करा, माझ्या दिशेला नाही."

पाहुणे चारच होते. चष्म्याच्या दुकानाचा एक मालक, त्याची धाकटी बहीण, आणि एका बँकेतल्या दोघी मैत्रिणी. शिवाय त्यांना पाण्यात सांभाळणारी गाइड. ती तिशीची, बोलायला कमी.

"आजची शेवटची फेरी बरं का," बाईने सांगितलं. "बंदर कार्यालयाचं पत्र आलंय. मागच्या वादळात ते जहाज बसलंय खाली, पत्रे उकललेत. उद्यापासून तिथे कुणी उतरायचं नाही. म्हणजे तुम्ही नशीबवान."

"की कमनशिबी?" चष्मेवाला म्हणाला. "आम्ही आत असतानाच बसलं तर?"

"आत जायचंच नाही मुळी. बाहेरून बघायचं, फोटो काढायचा, वर यायचं. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं."

गाठमास्तर दोराची गुंडाळी सोडवत होता. त्याने मान वर केली नाही. बाई त्याच्याजवळ गेली आणि आवाज उतरवून म्हणाली, "मास्तर, विंचला अडकवलेला साखळीचा तुकडाही आज सोडून आणायचा. तिथे पुन्हा कुणी बांधता कामा नये, असं लिहिलंय."

"आणतो."

"आणि वेळेत वर यायचं. मला माहितीये तुमचं."

"काय माहितीये?"

"मी डोळ्यांत तेल घालून बाटलीची वाट बघते, आणि बाटलीनंतर तुम्ही तिथे पाच मिनिटं काय करता ते समुद्रालाच माहीत."

तिला अर्धं माहीत होतं. गाठमास्तर त्याच जहाजावर कामाला होता, आणि त्यातच त्याचा मेहुणा गेला. मेहुण्याचं काही तिथे राहिलं असेल, तो ते शोधत असेल, असं तिला वाटायचं. उरलेलं अर्धं कुणालाच माहीत नव्हतं.

ते जहाज सिमेंटची पोती वाहायचं. गाठमास्तर इंजिनरूममध्ये ऑइलर होता. यंत्रांना तेल द्यायचं, तापमान लिहायचं, गळती पुसायची. इंजिनरूममध्ये आवाज इतका की ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येकाला इअरमफ असायचे. म्हणजे डोक्यावरून स्प्रिंगचा बँड आणि कानांवर दोन जाड कप. इंजिनरूमच्या दाराबाहेर, बोळात, सहा खुंट्या होत्या. सहा माणसं, सहा आकडे. आत जाताना आपल्या खुंटीवरचे घ्यायचे, बाहेर आलं की तिथेच परत लावायचे. कोण आत आहे हे कुणाला विचारायची गरज नव्हती. रिकामी खुंटी म्हणजे आत माणूस. अशी पद्धत कुठल्याच नियमावलीत नव्हती. जुन्या चीफ इंजिनियरने सुरू केली होती आणि सगळ्यांनी ती इतकी अंगवळणी पाडली होती की जेवायला बोलावताना भांडारी, म्हणजे जहाजावरचा आचारी, म्हणायचा, "कान टांगा आणि या."

मेहुण्याला त्या जहाजावर लावलं ते गाठमास्तरनेच. बायकोचा पाठचा भाऊ. घरात बसून होता, सासूबाईंचं रोजचं डोकं खाणं चाललं होतं. जहाजावर आल्यावर तो मात्र रमला. इंजिनरूममध्ये सगळ्यांच्या देखत गाठमास्तरला "भाऊजी, भाऊजी" म्हणून हाका मारायचा. ऐकू कुणालाच येत नसे, तरी ओठ हलताना दिसत.

त्या दिवशी दुपारी जहाज खडकावर घासलं. प्रवाळाचा खडक, नकाशावर दाखवलेला, तरी घासलं. इंजिनरूममध्ये पाणी यायला लागलं. इंजिन बंद पडलं. ड्युटीवरची माणसं धावत बाहेर आली. जो तो आपले इअरमफ सवयीने खुंटीवर अडकवून वर पळाला. शेवटी गाठमास्तर. वरून सेकंड इंजिनियर ओरडला, म्हणजे त्याने जोरात हातवारे केले: सगळे बाहेर? दार बंद कर!

गाठमास्तरने खुंट्या पाहिल्या. पाच भरलेल्या. सहावी त्याची स्वतःची, आणि तिचे इअरमफ त्याच्या कानांवर. बोळात जनरेटर चालू होता, म्हणून काढले नव्हते. पाच आणि एक, सहा. हिशेब बरोबर. त्याने जड पोलादी दार लोटलं, लिव्हर फिरवली आणि बाहेरून खीळ घातली. खीळ घातली की आतून लिव्हर फिरत नाही. आत एक उभी शिडी होती, संकटातली दुसरी वाट, पण पाणी त्याच बाजूने आत येत होतं.

चाळीस मिनिटांनी जहाज बुडालं. अकरापैकी दहा जण तराफ्यावर होते. मेहुणा नव्हता.

चौकशीत गाठमास्तरने जे पाहिलं ते सांगितलं. पाच खुंट्यांवर, सहावे कानांवर. मग चौकशी अधिकाऱ्याने लिहिलं की सहाही माणसं इंजिनरूममधून बाहेर आली होती, बेपत्ता इसम बहुधा डेकवरून लाटेने ओढला गेला. घरी सासूबाईंनी हे वाक्य दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे कोंडला नव्हता," त्या म्हणाल्या. "मोकळ्यावर गेला. आकाश दिसलं असेल त्याला." तेवढ्यावर त्या उठून बसू लागल्या, जेवू लागल्या.

गाठमास्तरला ती गोष्ट आठवली नवव्या दिवशी. कानात पाणी राहिलं होतं म्हणून तो दवाखान्यात गेला होता. नर्सने कापसाचा बोळा कानात घातला, बाहेरचे आवाज बंद झाले, आणि एकदम समोर आलं: मेहुण्याच्या इअरमफचा कप फाटला होता. दोन दिवस आधी. स्पंज बाहेर आला होता. "भाऊजी, डावा कान पार बधिर झालाय," असं तो म्हणाला, तेव्हा गाठमास्तरनेच आपल्या ट्रंकेतली जुनी जोडी त्याला दिली होती. पिवळी. फाटकी जोडी खुंटीवर तशीच राहिली, कारण ती काढायचं कुणालाच सुचलं नाही. दोन दिवस मेहुणा पिवळी घालून आत-बाहेर करत होता आणि त्याची खुंटी भरलेलीच होती.

नर्स म्हणाली, "दुखतंय का?"

तो म्हणाला, "नाही."

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? बायकोला सांगायचं तर तिच्या भावावर दार कुणी लावलं तेही सांगावं लागेल. आणि मुळात त्याला तरी कुठे माहीत होतं? मेहुणा बाहेर आला असेल, पिवळी जोडी गळ्यात घालूनच वर पळाला असेल. असू शकतं. बायको त्या वर्षी म्हणाली, "अहो, जहाजावरच्या माणसाने पाण्याचा धसका घ्यायचा तर तुम्ही आत उडी मारायला शिकताय!" तो म्हणाला, "जमिनीवरचं काम जमत नाही." तेही खोटं नव्हतं.

सात वर्षं तो दोर बांधून, बाटली सोडून, त्या पाच मिनिटांत जहाजाभोवती फिरला. बोळ गाळाने भरला होता. दारापर्यंत हात पोचायचा, त्यापुढे नाही. खीळ गंजून दाराशी एकजीव झाली होती. पिवळं काहीतरी त्याने केबिनांत शोधलं, डेकवर शोधलं, तळाच्या वाळूत शोधलं. बाहेर सापडलं असतं तर सुटला असता. एकदा पिवळं दिसलं, तो कुणाचा तरी पाण्यात पडलेला, पोहताना पायात घालायचा फिन होता.

आणि प्रत्येक फेरीनंतर घरी पाऊल टाकलं की सासूबाई खिडकीजवळच्या पलंगावरून विचारायच्या, "काही दिसलं का, जावईबापू?" तो म्हणायचा, "काही नाही, आई." त्या म्हणायच्या, "दिसणार नाहीच. तिथे नाहीच तो." आणि समाधानाने कूस बदलायच्या.

त्या शेवटच्या सकाळी पाणी स्वच्छ होतं. गाठमास्तर दोर घेऊन उतरला. जहाज खरंच बसलं होतं. जिथे पूर्वी पोटाची सलग भिंत होती तिथे दोन पत्र्यांमधला सांधा उकलला होता, कपाटाचं दार अर्धवट राहावं तसा. त्याने विंचला दोर बांधला. बाटली सोडली. मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि त्या फटीकडे पोहत गेला.

फट इंजिनरूममध्ये उघडत होती.

त्याने टॉर्च आत घातला. इंजिन कलंडून एका बाजूला पडलं होतं. गाळ अर्ध्याहून वर. मधे काही नाही, नुसतं स्तब्ध पाणी, इतकं स्वच्छ की मोकळी हवाच वाटावी. आणि समोर, आडवं पडल्यासारखं, ते दार. आतल्या बाजूने. सात वर्षं ज्याला तो बाहेरून हात लावत होता, त्याची दुसरी बाजू. बाहेर सगळ्यावर शिंपले आणि शेवाळं, पण इथे प्रकाश कधी आला नव्हता, म्हणून काही उगवलंही नव्हतं. रंगसुद्धा शाबूत.

लिव्हरवर पिवळे इअरमफ होते.

टांगलेले नव्हते, अडकवलेले होते. हलत्या जहाजावर कुणी वस्तू टांगत नाही. बँड ताणून नळीवर चिमट्यासारखा बसवतात, म्हणजे कितीही हेलकावे आले तरी पडत नाही. हे गाठमास्तरनेच त्याला शिकवलं होतं.

तो तिथे किती वेळ होता ते त्याला सांगता येत नाही. घड्याळात नंतर पाहिलं तर दीड मिनिट. त्या दीड मिनिटात त्याला एवढंच समजलं की मेहुणा दारापाशी आला होता, आणि दारापाशी येऊन त्याने कान मोकळे केले होते. इंजिनरूममध्ये माणूस कान मोकळे करतो ते इंजिन बंद पडल्यावर. आणि काहीतरी ऐकायचं असेल तर.

त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. निदान जोडी तरी काढावी. बोटं पोचायला तीनेक हात कमी होते. तो थोडा पुढे सरकला, सिलिंडर पत्र्यावर घासला, आणि छपराचा सात वर्षांचा गाळ एकदम सुटला. टॉर्चच्या उजेडात आधी धुरासारखं, मग दुधासारखं, मग काहीच नाही. दार गेलं, पिवळं गेलं, स्वतःचा हातही गेला. तो चाचपडत मागे आला.

परत येऊन त्याने दोरावर हात ठेवला. पाच जण खाली येत होते. पहिली गाइड, मग एक घाबरलेला, मग एक निर्धास्त, मग दोघी एकमेकींना धरून. त्याने वेळेवर बाजूला होऊन त्यांना जागा दिली. चष्मेवाल्याने अंगठा आणि तर्जनीचा गोल करून विचारलं, ठीक? त्यानेही गोल केला, ठीक.

पाहुणे वर गेल्यावर त्याने गाठ सोडली, साखळीचा तुकडा सोडला आणि तो कमरेला लावून, ठरलेल्या जागी थांबत थांबत वर आला.

"सात मिनिटं उशीर," बाई म्हणाली. "सिलिंडर चोखून प्यालात की काय?" मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा. चहा घ्या."

दुसरा डाइव्ह प्रवाळावर. तोच खडक, ज्यावर जहाज घासलं होतं. तासाभराने सगळे तिथे उतरले. बँकेतली एक मैत्रीण वर आली ती नाराज होऊन. "माहितीपत्रकात किती रंग होते! इथे तर सगळं पांढरं. हाडांसारखं."

"दोन उन्हाळे पाणी तापलं," गाइड म्हणाली. "जिवंत असतं तेव्हा रंग असतात. आता नुसता सांगाडा राहिलाय."

"पुन्हा येतात का रंग?"

"पाणी थंड राहिलं तर. नाही राहत."

चष्मेवाला म्हणाला, "म्हणजे आपण आज बुडालेलं जहाज आणि मेलेला खडक बघितला. छान सहल."

बहिणीने त्याला कोपर मारलं. "दादा, तू तर खाली डोळे मिटून होतास. बघितलं कधी?"

सगळे हसले. गाठमास्तर बोटीच्या नाकाशी साखळीचा तुकडा घासून साफ करत बसला होता. बोट परत निघाली तेव्हा तो उठून बाईजवळ, चाकापाशी गेला.

"बाई, इंजिन चालू असताना चाकावर हात असतो तुमचा. त्याची थरथर लागते ना?"

"लागते की."

"कधी पाण्यातलं काही आपटलं, लाकूड वगैरे. ते वेगळं कळतं हाताला?"

बाईने विचार केला. "पूर्वी कळायचं. आता पंचवीस वर्षांत इंजिनाची थरथर कुठली आणि माझ्या हाताची कुठली, हेच कळत नाही. का हो?"

"सहज."

"मास्तर, आज खाली काही बघितलंत का?"

"गाळ," तो म्हणाला.

दोन वाजता तो घरी पोचला. बायको कामावर होती. दवाखान्याच्या धुलाई विभागात तिची दुपारची पाळी असते. ताटावर ताट झाकून ठेवलेलं. सासूबाई खिडकीजवळ, उशीला टेकून.

"आज शेवटची ना?" त्या म्हणाल्या. "पोरगी सांगत होती."

"हो आई. साखळीही आणली सोडून."

"काही दिसलं का, जावईबापू?"

तो पलंगाच्या कडेला बसला. सात वर्षांत कधी बसला नव्हता, दारातूनच उत्तर द्यायचा. त्याने त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"काही नाही, आई."

"दिसणार नाहीच," त्या म्हणाल्या. "बाहेर आला होता तो. मोकळ्यावर गेला." मग जरा थांबून, "आता तुम्हाला उगाच तिथे जायला नको, बरं झालं." आणि त्यांनी कूस बदलली.

जेवण तसंच राहिलं. तो तिथेच, त्यांच्या श्वासाची लय लागेपर्यंत बसून राहिला. उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवलेला. खीळ घालताना हाच हात लिव्हरवर होता, आणि लिव्हर थरथरली होती. एकदा जोरात, मग दोन-तीन वेळा थांबून थांबून. तेव्हा वाटलं होतं, तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप आत अजून चालू आहे. पंप तसाच चालतो, अडकत अडकत. कानांवर इअरमफ होते, त्यामुळे ऐकू काहीच येत नव्हतं, आणि ते बाजूला करून एकदा ऐकावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

आता दोर धरला की माणूस आणि प्रवाह त्याला वेगळे कळतात. तेव्हा कळत नव्हते. त्या दुपारी तळहाताला जे लागलं होतं, तो पंप होता, की मेहुणा?